आई आजारी असल्याचा निरोप

आमच्या फार्मवर दरवर्षी कुणी ना कुणी येतं आणि विचारतं, "घोड्यांच्या लायनीत शिरायचं तर काय शिकावं लागतं?" सिंधुदुर्गातली मुलं येतात, बेळगावकडची येतात, हल्ली एखाददुसरी मुलगीही येते. मी त्यांना शिकाऊ जॉकींच्या शाळेबद्दल सांगतो. वयाची आणि वजनाची अट सांगतो. ते जमणार नसेल तर नालबंदीचं काम आहे, गाभण घोड्या सांभाळायचं काम आहे, त्यातही माणसाचं बरं चालतं, असं सांगतो. मग कुणीतरी विचारतंच, "आणि तुम्ही कसे आलात?"

"मामानं आणलं," मी म्हणतो आणि विषय बदलतो.

माझं घर पेडण्यात, तुयेच्या अलीकडे. वडील डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे आणि आठवड्यातून एकदा, भुवयांपर्यंत तांबडे होऊन, घरी यायचे. आईचं माहेर डिचोलीचंच. तिला एकच भाऊ. तो लहानपणीच घर सोडून गेला होता आणि पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर, म्हणजे शर्यतीचे घोडे जिथं जन्माला येतात आणि वाढतात तिथं, मोतद्दारांचा मुकादम झाला होता. घोड्याची चाकरी करणारा तो मोतद्दार, आणि अशा सगळ्यांवर माझा मामा. आमच्या वाड्यावर हे कुणाला नीट कळत नसे. लोक म्हणायचे, "तो घोड्यांच्या शाळेत मास्तर आसा."

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसलो होतो तेव्हा मामा आला. काजूचे दिवस होते. मी आईबरोबर बिया विकायला व्यापाऱ्याकडे गेलो होतो, आणि तिथं मामानं मला काजूच्या पारड्यात बसायला लावलं. व्यापारी हसला, पण त्यानं वजनं टाकली. पंचेचाळीस किलोही भरलो नाही. वर्गात ज्याच्यावरून सगळे मला चिडवायचे, ते अंग बघून मामाचे डोळे चमकले. त्यानं माझं मनगट धरलं, पोटरी दाबून पाहिली, वडिलांची उंची मनात मोजली असावी, आणि आईला म्हणाला, "बाय, ह्याका माका दी. दोन वर्सां माझ्याकडे काम शिकांदी, मगे जॉकींच्या शाळेत घालतलंय. देवान ह्याका त्याच्यासाठीच केलो आसा."

"घोड्यावरसून पडलो तर?" आईनं विचारलं.

"तुझो भाव आसा मरे थंय."

तुयेच्या कारखान्यात चिकटवायचं असं वडिलांच्या मनात होतं. पण आईच्या भावापुढं ते कधी फारसे बोलत नसत. मी गेलो.

पहिले कित्येक महिने मी घोड्यावर बसलोच नाही. लीद काढायची, ओला पेंढा उचलून कोरडा अंथरायचा, पाणी भरायचं, खरारा करायचा. खरारा म्हणजे लोखंडी दातऱ्यानं आणि मग ब्रशानं घोड्याचं अंग साफ करणं. ते करता करता हात शिकतो. कुठल्या पायात ऊब जास्त आहे, कुठं हात लावल्यावर कातडी थरथरते, हे कळायला लागतं. मामा मागं उभा राहून एवढंच म्हणायचा, "घाई नको. तो तुका वळखूक व्हयो." तो चांगला शिकवणारा होता. हे मला आजही नाकारता येत नाही.

तिथले बाकीचे लोक मला 'गोवेकर' म्हणायचे. मी मराठी बोलतो याचं त्यांना नवल वाटायचं. "गोव्यात कोकणी ना? मग तुला मराठी येते कशी?" मी सांगायचो की घरात बोलतो ती आमची बोली, शाळेत शिकलो ती मराठी, देवळातलं भजनही मराठी. त्यांना ते पटायचं नाही. तिकडं आमच्या गोव्यात याच गोष्टीवरून माणसं एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली होती. वडील खाण सुटली की मराठीवाल्यांच्या सभेला जातात, असं आई सांगायची.

मामाचा मुलगा माझ्याहून सहा महिन्यांनी लहान होता. त्याला आई नव्हती. तो चालायला लागायच्या आधीच ती गेली होती. मामानंच त्याला फार्मवर वाढवलं. आम्ही एकाच खोलीत झोपायचो, एका ताटात जेवायचो. घोड्यांत वाढूनही तो घोड्याला घाबरायचा. लहानपणी एका घोडीनं त्याच्या खांद्याचा लचका तोडला होता. बापासमोर तो भीती दाखवत नसे, पण खोगिरावर हात ठेवला की त्याचे ओठ पांढरे पडायचे. मामा त्याला सगळ्यांदेखत बोलायचा. "वाघाच्या पोटाक शेळी," म्हणायचा.

मी त्याला शिकवलं. मामा दुपारी आडवा झाला की आम्ही मागच्या कुरणात जायचो. मी म्हाताऱ्या, शांत घोडीला धरून चालायचो आणि तो वर बसायचा. आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. पुढं त्याला बिनारिकिबीचं बसता यायला लागलं. एकदा घोडी दुडकी धावली आणि तो पडला नाही, तेव्हा त्यानं खाली उतरून मला मिठी मारली होती. त्याच्या शर्टाला घामाचा आणि घोडीचा वास येत होता.

दुसऱ्या वर्षी मामानं माझ्याकडे एक लाल घोडी सोपवली. दीड वर्षाची, कपाळावर पांढरा टिळा. अशा कोवळ्या घोडीला माणसाचं ओझं ठाऊक नसतं. ते तिला हळूहळू शिकवावं लागतं. आधी पाठीवर नुसतं कापड, मग खोगीर, मग हलक्या अंगाचा मुलगा तिच्या पाठीवर पोटावर आडवा पडतो, पोत्यासारखा. तो मुलगा मी होतो. तिनं मला दोनदा कुंपणापर्यंत फेकलं. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या मांडीच्या दाबानं वळायला लागली. तोंडाची इतकी हलकी होती की लगाम ओढावा लागत नसे, बोट मिटलं तरी तिला कळायचं.

शिकाऊ जॉकींच्या शाळेसाठी मुलं निवडायला शर्यतीच्या मैदानावरचे एक ट्रेनर आमच्या फार्मवर येणार होते. त्यांचा मालकांशी घरोबा होता. फार्मवरून एकच मुलगा घ्यायचा, असं ठरलं होतं. वयाची अट अशी की मला ही एकच संधी होती. पुढच्या वर्षी मी किंवा मामेभाऊ, दोघंही त्या अटीत बसलो नसतो. मामा म्हणाला, "तू हीच घोडी दाखव. तुका बघून ते दुसऱ्याक बघूचेच नाय."

ट्रेनर यायच्या दोन दिवस आधी, सकाळी मी घोडीला फिरवून आणत होतो, तर मामा कुंपणाशी उभा. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ऑफिसात ट्रंक कॉल इल्लो. बाय आजारी आसा. ताप उतरणा नाय. तुका बोलावल्यान."

माझ्या हातातली दोरी त्यानंच घेतली.

"आणि परवा?" मी विचारलं.

"अरे, आवयपरास मोठा काय आसा? मी सांगतलंय त्यांका. ते परत येतले."

मामेभाऊ मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आला. माझ्या पिशवीत त्यानं भाकरी आणि स्वतःचा स्वेटर घातला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "घाई करू नको हां. आत्येबरोबर रव चार दिवस." मला ते त्याचं प्रेम वाटलं. सावंतवाडीपर्यंत मी आईचा विचार करत रडत गेलो, आणि मधेमधे त्याच्या त्या शब्दांनी मला धीरही आला.

घरी पोचलो तर आई न्हाणीघराबाहेर कपडे धूत होती.

"ताप?" मी म्हटलं.

"उतरलो." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग उठली, ओले हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "रोड जालंस रे."

चुलीवर माझ्या आवडीची सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी तयार होती. मी येणार हे तिला कसं कळलं, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. आयांना कळतं, असं आपण धरून चालतो. मी दुसऱ्या दिवशीच परतायला निघालो, तर ती म्हणाली, "चवथ तोंडार आसा. आता खंय जातंस? माटोळी कोण बांधतलो?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. रानातून फळं, वेली आणून ती बांधायचं काम लहानपणापासून माझं. मी राहिलो. मामानं सांगितलं होतंच की ट्रेनर परत येतील. मी घागऱ्या, कवंडळं अशी रानफळं गोळा करत रानात फिरलो, आणि चालताना गुडघे आत दाबून त्या लाल घोडीवर बसल्यासारखा चालत राहिलो.

चवथ झाल्यावर फार्मवर परत गेलो. खोलीत एकच चटई होती. मामेभावाची ट्रंक नव्हती. पलीकडच्या तबेल्यात कोल्हापूरकडचा एक मोतद्दार होता. तो मला बघून म्हणाला, "अरे, तू नाही म्हणालास ना? जॉकी नाही व्हायचं म्हणून घरी गेलास, असं मुकादम म्हणाले. बरं झालं बाबा, त्यांच्या पोराचं तरी काम झालं. त्या टिळ्यावालीवर काय बसला! साहेब खूश."

मी टिळ्यावालीच्या तबेल्यात गेलो. तिनं माझ्या खिशाला नाक लावलं. मी तिथंच खाली पेंढ्यावर बसलो. मला आधी राग आलाच नाही. आधी वाटलं की काहीतरी चुकलंय, मामाला कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल, मी जाऊन समजावलं की सगळं नीट होईल. माणूस किती वेळ स्वतःला फसवत राहतो, ते मला त्या पेंढ्यावर कळलं.

मामा विहिरीपाशी दाढी करत होता.

"मी नको म्हटलं, असं तू सांगितलंस?"

त्यानं वस्तरा पुसला. चेहऱ्याला अर्धा साबण तसाच होता.

"ताका आई नाय," तो म्हणाला. "माझ्या मागे ताका कोण आसा? तुका घर आसा, बापूस आसा, हातात काम आसा. खंयच्याय फार्मवर उभो रवलंस तर तुका लोक घेतले. ताका कोण घेतलो?"

"पण घोडी माझी होती. त्याला बसायला मी शिकवलं."

"म्हायत आसा माका." मामा म्हणाला. म्हणजे दुपारी तो झोपत नव्हता. "तू शिकयलंस म्हणून तर तो बसलो. तुझे उपकार विसरूचंय नाय."

"आई आजारी नव्हती."

त्यानं तोंडावरचा उरलेला साबण पुसला. मग म्हणाला, "ता तू तुझ्या आवयकच विचार."

मी त्याच दिवशी पिशवी उचलली. जाताना घोडीकडे गेलो नाही. गेलो असतो तर पाय निघाला नसता.

पेडण्याला पोचलो तेव्हा आई अंगणात आडोळीवर बांगडे कापत होती. वडील ओट्यावर पेपर वाचत होते. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या विचारलं, "तुला ताप आला होता का?"

तिचा हात थांबला. मांजर बांगड्याचं डोकं घेऊन पळालं, तिनं त्याच्याकडेही पाहिलं नाही.

"भावान विचारल्यान," ती म्हणाली. "त्याच्या पोराचा कल्याण जाता, एक डाव पोराक घरा बोलाव म्हणालो. मी हय म्हटलंय."

"मला न विचारता?"

"तुका विचारला असता तर तू हय म्हटलं असतंस?"

मी पायरीवर बसलो.

"तुका सगळा जमता रे," ती पुढं म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला झाला. "ल्हान असल्यापासून तुका सगळा जमता. ताका काय जमणा नाय. आणि शर्यतीत घोड्यावरसून पडून लोक मरतत. माझ्या पोटच्या पोरान पडूचा असा माका व्हया होता काय?"

"म्हणजे त्यानं पडलेलं चाललं असतं?"

तिनं अर्धा कापलेला बांगडा पुन्हा आडोळीवर धरला. वडिलांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ते इतकंच म्हणाले, "माका तरी सांगूक व्हया होता." मग चपला घालून बाहेर गेले.

मामाबद्दल मला जे वाटलं त्याला नाव होतं. त्याला शिव्या देता येत होत्या. आईचं तसं नव्हतं. तिनं वाढलेलं मी जेवत होतो, तिनं धुतलेले कपडे घालत होतो, आणि प्रत्येक घासाला मला ती सुंगटांची आमटी आठवत होती. मी घरी येणार हे ठरवून, बाजारात जाऊन, सोलून, नारळ वाटून केलेली. एवढं निवांत खोटं मी त्याआधी चाखलं नव्हतं.

मी तुयेच्या एका कारखान्यात लागलो. पुठ्ठ्याच्या पेट्यांना तारा मारायचं काम. त्या हिवाळ्यात भाषेच्या आंदोलनात रस्ते बंद झाले, झाडं आडवी पडली. पुढं कोकणी राजभाषा झाली, मग गोवा वेगळं राज्य झालं. राज्य झालं त्या दिवशी बाजारात पताका होत्या. वडील मात्र कुणाशी तरी भांडून घरी आले आणि म्हणाले, "आमची मराठी बाजूक काढली, आणि आमकांच पेढे वाटतत." एरवी मी त्यांच्याशी वाद घातला असता. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसून राहिलो. बाजूला काढलं जाणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

फार्मवर घोड्या तपासायला येणारे एक डॉक्टर मला ओळखायचे. दुसऱ्या एका स्टड फार्मवर माणूस हवा आहे, असा निरोप त्यांनी गावच्या एका ट्रकवाल्याबरोबर धाडला. जॉकी होण्याचं माझं वय उलटलं होतं. हे काम घोड्यांच्या बाळंतपणाचं होतं. आईनं मला अडवलं नाही. मीही तिला विचारलं नाही, फक्त सांगितलं.

तिथं मी पुन्हा पहिल्यापासून शिकलो. घोडी कधी माजावर येते, गाभण राहिली हे कसं ओळखायचं, विण्याआधी सडांवर मेणासारखे थेंब धरतात ते, शिंगरू पोटात आडवं आलं तर हात कुठं घालायचा आणि कुठं डॉक्टरांची वाट बघायची. एक पावसाळा नालबंदाच्या हाताखाली काढला. हळूहळू माझ्यावर सगळा तबेला आला. माझ्या हातावर जन्मलेली शिंगरं शर्यतीत धावली, काही जिंकलीही. हे काम मला आवडतं. पण कुणी विचारलं की जॉकी व्हायचं होतं का, तर मी अजूनही "नाही" म्हणत नाही.

मामेभाऊ जॉकी झाला. वाईट नव्हता. एकदा मैदानावर, जॉकी वजनाच्या खोलीतून बाहेर पडतात तिथं, आमची गाठ पडली. रंगीत सदऱ्यात तो अगदी लहान दिसत होता.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

त्यानं टोपीचा पट्टा सोडला. "होतं."

"स्टँडवर आलास तेव्हा?"

"तेव्हाही होतं." तो खाली बघत म्हणाला. "तू असतास तर त्यांनी मला घेतलं नसतं. मला तोंड उघडायचं होतं. गाडी सुटेपर्यंत वाटत होतं, आता सांगू."

त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो निघून गेला. त्या दिवशी तो चौथा आला. मी शेवटपर्यंत थांबून बघितलं.

पुढं त्याचं वजन वाढलं, स्वाऱ्या मिळेनाशा झाल्या, आणि एका पहाटेच्या सरावात पडून त्याची कंबर गेली. तोवर मामाही वारला होता. मी गणपतीला घरी गेलो होतो. वडील थकले होते, वाड्यावरून हरमलच्या किनाऱ्याला जाणाऱ्या परदेशी लोकांच्या स्कूटर दिवसभर धावत होत्या. आई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "ताका तुझ्या फार्मवर घे. ताका आता कोण नाय."

मी तिच्याकडे वळून बसलो.

"ह्या टायमाक तरी माका विचारलंस," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. तिची बोटं थंड होती. "तेवाय विचारूक व्हया होता," ती म्हणाली.

इतकी वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो, असं मला वाटायचं. ते ऐकलं आणि काहीच हललं नाही. फक्त ती किती म्हातारी झाली आहे ते दिसलं.

माझ्या फार्मवर मी त्याला घेतला नाही. तसं तिला स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या एका फार्मच्या मॅनेजरशी बोललो. त्याला नवीन मुलांना बसायला शिकवणारा माणूस हवा होता. मामेभाऊ तिथं लागला. बरं शिकवतो, असं ऐकतो, विशेषतः घाबरट मुलांना. आमच्या दोन्ही फार्ममध्ये एक टेकडी आहे. मी तिकडं कधी गेलेलो नाही, तोही इकडं आलेला नाही.